आक्काचा वेगळा कप

भीमसेन कांबळेच्या घरात दिवस उजाडायचा तो मोरीतल्या थुंकण्याच्या आवाजानं. अजून अंथरुणातच असायचा तो, आणि पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचा. उठून मोरीत जावं तर फरशीच्या कडेनं काळपट, चिकट ओघळ, तांब्याच्या काठावर काळ्या बोटाचा ठसा, आणि त्या सगळ्यावर भाजलेल्या तंबाखूचा कडवट, थेट डोक्यात चढणारा वास. एका हातानं नाक दाबून दुसऱ्या हातानं बादली ओतायची आणि मगच तोंडात ब्रश घालायचा, असा त्याचा रोजचा नेम होता. त्याला शिसारी यायची, आणि खरं सांगायचं तर कुणालाही आली असती.

बाहेर उंबऱ्यावर त्याची थोरली बहीण अक्काताई उकिडवी बसलेली असायची. डाव्या तळहातावर मिश्रीची चिमूट, उजव्या हाताचं बोट हिरड्यांवरून सावकाश फिरतंय, डोळे अर्धे मिटलेले. अर्धा तास तरी तिला कुणी हाक मारायची नाही. मारली तरी ती नुसतं "हूं" म्हणायची, कारण तोंड भरलेलं असायचं.

निपाणीच्या माणसाला मिश्री म्हणजे काय ते सांगायला नको. पण लांबच्या वाचकासाठी सांगून टाकतो. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची आणि डबीत भरायची. दात घासायला म्हणून सुरू होते आणि मग दात पडून गेले तरी सुटत नाही. आमच्याकडं चहाच्या आधी मिश्री, जेवणानंतर मिश्री, बारशाला मिश्री आणि मयतालाही मिश्री. पाहुणी आली की आधी डबी पुढं सरकवायची, मग पाण्याचा तांब्या. डबी पुढं केली नाही तर पाहुणी गावभर सांगते की अमकीच्या घरात माणुसकी नाही. काळे दात, काळी बोटं, काळ्या भिंती, आणि त्याला नाव माणुसकीचं! जळो ती माणुसकी, असं एखाद्याला वाटलं तर त्याचं काय चुकलं?

भीमसेनला तसं वाटायचं, कारण त्याचा धंदाच आरोग्याचा होता. त्र्याऐंशी साली तो निपाणीजवळच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात हेल्थ इन्स्पेक्टर होता. गल्लीत त्याला साहेब म्हणायचे. पण हा साहेब झाला तो अक्काताईच्या जिवावर. आईबाप लवकर गेले. बाप हलगी वाजवायचा, गावच्या लग्नात, गावच्या जत्रेत, आणि दारात उभं राहून मिळेल ते पदरात घ्यायचा. धम्म घेतल्यावर त्यानं हलगी सोडली आणि मजुरी धरली. त्याच्यामागं अक्काताई, नवरा मेलेली, पोरबाळ नसलेली, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत चाळणीवर तंबाखू चाळायला बसली आणि भावाला शिकवू लागली. दिवसभर तंबाखूचा खकाणा नाकातोंडात, शिंकून शिंकून डोळे लाल. भावाचं शिक्षण झालं, नोकरी लागली, मालुबाईशी लग्न झालं. अक्काताई मात्र वखारीतच राहिली. बसून खायची सवय नाही म्हणायची.

आणि ह्या भावानं काय केलं? लग्न होऊन वर्षही झालं नसेल, एक दिवस त्यानं मालूला हळूच सांगितलं, आक्काचा कप वेगळा ठेव, तिच्या तोंडाला काय काय लागलेलं असतं, उद्या आपल्याला लेकरू होईल. मालूला ते बरं वाटलं नाही, पण नवरा आरोग्य खात्यातला, त्याला जास्त कळतं, असं म्हणून तिनं निळ्या फुलांचा एक जुना कप खिडकीच्या फळीवर ठेवला. अक्काताईला पहिल्याच दिवशी कळलं. ती चहा प्यायली, कप स्वतः विसळला आणि फळीवर पालथा ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ती कप स्वतःच काढायची आणि स्वतःच ठेवायची. भीमसेनला बरं वाटलं. न बोलता काम झालं, असा त्याचा समज.

त्याच उन्हाळ्यात जिल्ह्याहून तंबाखूविरोधी पोस्टरं आली. भीमसेनला हुरूप चढला. वखारीच्या सुट्टीचा दिवस धरून त्यानं गल्लीतल्या समाजमंदिरात बायकांना जमवलं आणि पोस्टरं भिंतीला टांगली. सडलेले जबडे, फाटलेले गाल, ओठाच्या जागी नुसतं लाल मांस. बायकांनी बघितलं आणि पदर डोळ्यांवर घेतले. भीमसेन बोलत सुटला. कॅन्सर, निकोटीन, पेशी, टक्केवारी. समोर कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तसा त्याचा तोल गेला. म्हणाला, तुमच्या तोंडाकडं बघवत नाही, माणसं आहात की कोण, घाण आहे ही, निव्वळ घाण. बोलताना त्यानं खिशातला रुमाल नाकाला लावला होता.

बायका एकेक करून उठल्या. पोस्टरं गुंडाळून भीमसेन समाजमंदिराच्या मागच्या अंगाला आला, तर सावलीत भिंतीला टेकून सगळ्या ओळीनं बसलेल्या, आणि एकच डबी ह्या हातातून त्या हातात चाललेली! वखारीतली गुणाबाई जरा धीट होती. तिनं त्याला निरागसपणे सांगितलं, "अवो सायेब, ती चित्रं बघून जीव कसानुसा झाला बगा. वाईच लावली, तवा कुटं बरं वाटलं." त्या ओळीत शेवटी अक्काताई बसली होती. भावाला बघून तिनं बोट तोंडातून काढलं आणि पदरानं तोंड झाकून घेतलं.

त्या दिवशी भीमसेन घरी आला तो मालूला एवढंच म्हणाला की ही माणसं सुधारायची नाहीत. त्याला सगळ्याचाच वीट आला. पोस्टरं त्यानं कपाटावर फेकली.

अक्काताईचा पदर मात्र त्या दिवसापासून तोंडावरून हलेना. बोलताना पदर, हसताना पदर. भीमसेनला वाटलं, चला, निदान लाज तरी वाटली. पण मालू स्वयंपाकघरात असायची आणि तिला जास्त दिसायचं. आक्का आता भाकरी आमटीत कालवून, मऊ करून गिळायच्या. तिखटाचा घास पडला की डोळ्यांतून पाणी यायचं. एका सकाळी मोरीतल्या काळ्या थुंकीत तिला लाल दिसलं. तिनं घाबरून नवऱ्याला सांगितलं, आक्कांच्या तोंडात काहीतरी झालंय, बघा तुम्ही.

भीमसेनला ते चित्रातले जबडे आठवले. तो तसाच अक्काताईपुढं जाऊन उभा राहिला आणि तोंड दाखव म्हणाला. ती नको म्हणाली. तो रागावला. ती म्हणाली, काही नाही, दाढ दुखतेय, मीठ लावलंय. तो चिडून वाकला, आणि वाकताना त्याचं नाक आपोआप मुरडलं, हात आपोआप रुमालाकडं गेला. अक्काताईनं ते बघितलं. तिनं मान फिरवली आणि पदर आणखी घट्ट धरला. त्यानंतर त्यानं समजावलं, धमकावलं, जबरदस्तीनं बेळगावला नेतो म्हणाला, एकदा तर मिश्रीची डबी उचलून गटारात फेकली. दुसऱ्या दिवशी नवी डबी आली. तोंड काही उघडलं नाही. तोंडात काय आहे ते बघायला मिळेना, आणि जे असेल ते रोज वाढत असणार, एवढं मात्र त्या आरोग्य खात्याच्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. रात्रंदिवस ती धास्ती त्याला खात होती.

अशात शामू आला. शामू त्याचा वर्गमित्र, बँकेत क्लार्क. संध्याकाळी गल्लीतल्या चारपाच जणांना घेऊन कलापथक चालवायचा. पेटी, हलगी, टाळ आणि सोंगं. त्याला समाजमंदिर पाहिजे होतं, आणि किल्ली भीमसेनकडं असायची. मिश्रीवर एक वग बसवतोय म्हणाला. भीमसेनचं टाळकंच फिरलं. इथं माणसं मरायला लागलीत आणि ह्यांना नाचगाणं सुचतंय! तो म्हणाला, "आमच्या बापानं हलगी टाकली शामू. ती आम्ही परत गळ्यात अडकवायची? लोकांपुढं साडी नेसून नाचायचं? मला किळस येते ह्याची."

शामू हसला नाही आणि चिडलाही नाही. त्यानं बसायला पोतं ओढलं.

"तुझ्या बानं हलगी टाकली न्हाय भीमा. दुसऱ्याच्या दारात वाजवायची टाकली. त्यात फरक हाय. आनी एक सांग, तुझा बा धम्म घ्यायला गेला, त्यो काय पोस्टर वाचून गेला व्हय? त्याला वाचता कुटं येत हुतं? जलसा आलता गावात. हलगीवर गाणं म्हणत आलती माणसं. त्या गाण्यानं त्याच्या डोस्क्यात परकाश पडला. मेलेलं जनावर वडायचं सोडा, असं गाण्यातनं सांगितलं तवा सोडलं आपल्या लोकांनी. आनी मिश्री सुटायची न्हाय म्हनतोस?"

भीमसेनला पटलं नव्हतं. तो म्हणाला की चित्रं दाखवून, आकडे सांगून, शिव्या घालून जे झालं नाही ते सोंगानं काय होणार. तेव्हा शामूनं सांगितलं ते त्यानं आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

"माझी आई गाल सडून गेली, ठावं हाय न्हवं तुला? शेवटी प्यालेलं पानी गालातनं गळायचं. लई वास यायचा. पर मला कळलं कवा? गालाला भोक पडलं तवा. त्याच्या आदी तिनं मला तोंड दावलंच न्हाय. कारन मी बी तुझ्यागतच तोंड करायचो, तिच्याकडं बगून. आता मला सांग, नाक मुरडलेल्या मानसाम्होरं कोन तोंड उघडंल?"

भीमसेननं किल्ली दिली. पटलं म्हणून नाही. शामूच्या आईची आठवण निघाल्यावर नाही म्हणवेना, म्हणून.

मग शामूचं कलापथक वखारीच्या दारात जाऊन बसायला लागलं. जेवणाच्या सुट्टीत बायकांशी गप्पा. मिश्री का लावता, कधीपासून लावता, घरात कोण काय म्हणतं. भीमसेनला ते कळलं आणि त्याची चिडचिड वाढली. विचारायचं काय त्यात? सवय घाणेरडी, ती सोडायची, संपलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी, दुपार कलताना, समाजमंदिराच्या पटांगणात वग लागला. इन्स्पेक्टर म्हणून त्याला पुढं खुर्ची दिली होती. तो कपाळाला आठ्या घालून बसला.

हलगी कडाडली आणि शामू बाहेर आला. नऊवारी नेसलेला, रुपयाएवढं कुंकू, तोंडाला काजळी फासलेली, हातात हंड्याएवढी मिश्रीची डबी. नाव ठकूबाई. पटांगण हसून लोळायला लागलं. ठकूबाई कुणाच्या बारशाला जाते आणि बाळाला काजळ लावायच्या जागी मिश्री लावते. ठकूबाईला बघायला पाहुणे येतात, ती हसते, आणि नवरदेव अमावस्या आली म्हणून पळून जातो. बायका एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. "अगं, ही तुझी गत!" "माझी कशापाय, तुझी सासू बग!" जी भीमसेननं घाण म्हटल्यावर उठून गेली होती, तीच गुणाबाई आता स्वतःची काळी बोटं बघून खदखदत होती. भीमसेनला ओकारी आणणारी गोष्ट ह्या माणसानं हसण्यावारी नेली होती, आणि हसता हसता बायका डब्या कनवटीला खोचत होत्या.

मग हलगी मंद झाली. ठकूबाई वखारीत चाळणीवर बसली आणि शामूनं गाणं धरलं.

*पोटात पेटली भूक, गं बोटानं विझवली,*
*डोळ्यांत दाटली झोप, गं बोटानं पळवली.*
*भूक मेली, झोप मेली, मिश्रीचं ऱ्हायलं काय?*
*आता माझ्याच जिवाकडं ती डोळं लावून हाय.*

हसू थांबलं. हे बायकांनीच सांगितलेलं होतं. सकाळी भाकरी पुरत नाही तेव्हा मिश्रीनं भूक मरते. धुळीत डोळा लागायला लागला की मिश्रीनं झोप उडते. भीमसेन इन्स्पेक्टर झाल्यापासून हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. आपल्याला शिकवताना आक्का सकाळी काय खाऊन जायची, ह्याचा त्याला पत्ता नव्हता.

तेवढ्यात ठकूबाईचा भाऊ आला. शिंपीकाम करणारा भावकू सोंगात होता. खिशाला पेन, गळ्यात लाल चिंधीचा टाय आणि नाकाला रुमाल. ठकूबाई लांब उभी, भाऊ लांब उभा, आणि मध्ये व्याख्यान. जंतू! पेशी! टक्केवारी! पटांगण पुन्हा फुटलं. भीमसेननं आपला रुमाल हळूच खिशात आत ढकलला. ठकूबाईनं भावाला चहा दिला आणि स्वतःसाठी ओतायला लागली, तसा भाऊ ओरडला, "तुझा त्यो कप घे, तिकडचा!" बायका आणखी हसल्या. ठकूबाईनं कप घेतला, चहा प्याली, कप विसळला आणि पालथा घातला. हलगी एकदम थांबली. ती लोकांकडं वळली आणि अगदी साध्या आवाजात बोलली.

"गावच्या हाटेलात माझ्या बाचा कप भाईर ठेवलेला असायचा. आपनच घ्यायचा, आपनच धुवायचा, आपनच पालथा घालायचा. त्या गावाला शिव्या दीत दीत मी ह्या भावाला शिकवला. आता मी शिव्या कुनाला द्यू?"

मागं कुणीतरी हुंदका दिला. आजवर घरातली घाण म्हणजे मोरीतले काळे ओघळ, असं भीमसेनला वाटायचं. बापाच्या काळचा तो हाटेलातला कप आपणच उचलून घरात आणला, आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, खिडकीच्या फळीवर ठेवला! त्याला अंगाला काहीतरी घाण लागल्यासारखं झालं. ह्या वेळी किळस आली ती स्वतःची.

पण माणूस सहजासहजी वितळत नाही. वग संपल्यावर तो तरातरा पडद्यामागं गेला. शामू पाण्यानं काजळी धूत होता. चारचौघांत माझी अब्रू काढलीस, माझ्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडलीस, असं तो बोलून गेला. शामूनं तोंड पुसलं.

"तुझ्या घरातली न्हवं भीमा. वखारीत इच्यारलं तर कितीजनींनी ह्योच कप सांगितला. कुनाचा ल्योक, कुनाचा नवरा, कुनाची शिकलेली सून. म्हनून घातला त्यो वगात. आनी तुझ्या आक्काला बी इच्यारलं मी. ती काय म्हनाली ठावं हाय? म्हनाली, आमच्यात तसलं काय न्हाय बाबा, माझा भाऊ लई चांगला हाय."

भीमसेन तसाच मागं वळला. तो बाहेर आला. पटांगणात बायका अजून घोळक्यानं उभ्या होत्या, पण अक्काताई त्यांच्यात नव्हती. ती घराकडं गेली होती.

ती उंबऱ्यावर बसली होती. संध्याकाळचं ऊन दारात आलं होतं. जवळ डबी होती, पण बंद. भावाला बघून तिनं पदर तोंडाशी नेला. भीमसेन तिच्यासमोर जमिनीवर, धुळीतच मांडी घालून बसला. मालू दारात येऊन उभी राहिली आणि आत गेली.

"आक्का, कुठं दुखतंय तुला?" त्यानं विचारलं. तोंड दाखव म्हणाला नाही. अक्काताई त्याच्याकडं बघत राहिली. लहानपणी ताप आला की ती त्याला असंच विचारायची. मग तिनं पदर खाली सोडला, खालचा ओठ बोटानं ओढला आणि तोंड उघडलं.

वास भपकन आला. तंबाखूचा, सडक्याचा, रक्ताचा. किळस काही एका गाण्यानं पळून जात नाही, आणि तो काही संत नव्हता. पण त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरून ठेवले आणि तोंड तसूभरही मागं घेतलं नाही. खालच्या ओठाच्या आत, हिरडीला लागून, चिंचोक्याएवढी जखम होती. कडा पांढऱ्या, मध्ये लाल. तिथंच ती वर्षानुवर्षं मिश्री दाबत आली होती.

"वास येतोय न्हवं रं?" अक्काताईनं विचारलं.

"येतोय."

"मग?"

"येऊ दे की."

अक्काताईला रडू फुटलं. कितीतरी महिने ती एकटीनं ते दुखणं तोंडात धरून बसली होती. भावाला घाण वाटेल, ह्या भीतीपुढं तिला मरणाची भीती लहान वाटत होती. हे वाचून ज्याला स्वतःच्या घरातलं कुणी आठवणार नाही, तो भाग्याचा माणूस.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं तो तिला बेळगावला घेऊन गेला. तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला, आणि उत्तर आलं ते भीमसेनला वाटलं होतं तेच. डॉक्टर म्हणाले, गाठ गळ्यात उतरलेली नाही, आणखी काही महिने लपवली असती तर आम्ही नुसते हात जोडले असते. ऑपरेशन झालं. ओठाचा आणि हिरडीचा भाग काढावा लागला. अक्काताईचा ओठ एका बाजूला ओढला गेला तो कायमचा, आणि बोलणं थोडं बोबडं झालं. मिश्रीही काही एका दिवसात सुटली नाही. दवाखान्यातून आल्यावर मालूनं तिला परसात डबी धुंडाळताना पकडलं होतं. भीमसेन ह्या वेळी ओरडला नाही. तो तिच्याजवळ बसून राहिला, तलफ जाईपर्यंत. असं बरेच दिवस चाललं, आणि मग सुटली.

इकडं गल्लीत वेगळंच घडलं होतं. वग संपला त्याच्या पुढच्याच आठवड्यात गुणाबाई आरोग्य केंद्रात आपण होऊन आली आणि डॉक्टरपुढं तोंड उघडून बसली. तिच्यामागं इतर. कुणाला पांढरे चट्टे, कुणाला काही नाही. पोस्टरं बघून पळालेल्याच ह्या बायका. डॉक्टरनं भीमसेनला विचारलं, अशी काय जादू केलीत. तो म्हणाला, मी काही केलं नाही, मी नुसती किल्ली दिली.

मग शामूचं कलापथक निपाणीच्या आसपासच्या गावांत फिरायला लागलं. भावकूला शिलाईचं काम पडायचं, सारखं येता येईना. भावाचं सोंग कुणी घ्यायचं, असा प्रश्न आला, तेव्हा भीमसेन म्हणाला, मी घेतो. शामूला वाटलं चेष्टा करतोय. पण तो खरोखर उभा राहिला. स्वतःचं पेन, स्वतःचा रुमाल. तालमीची गरजच पडली नाही, शामू म्हणायचा, ह्याला सगळं पाठ आहे.

एका गावात देवळापुढच्या कट्ट्यावर वग रंगला होता. साहेबानं नाकाला रुमाल लावला आणि कप दाखवला, तशी गर्दीतली एक म्हातारी उठून उभीच राहिली. सोंग आहे हे ती विसरली होती. तिनं त्याला सर्वांसमोर फैलावर घेतलं. म्हणाली, मुडद्या, तुझी भैन हाय ती, तिच्या कष्टाचं खाऊन आज तिलाच नाक मुरडतोस? लोक हसायला लागले. भीमसेन रुमाल हातात धरून कट्ट्यावर तसाच उभा. पुढच्या ओळीत अक्काताई बसली होती. ती प्रत्येक गावाला बरोबर जायची. ती उठली आणि आपल्या बोबड्या बोलीत म्हातारीला म्हणाली, "असू द्या वो मावशी. भाऊच हाय माझा त्यो, खराखुरा. सुधारलाय आता."

म्हातारीनं तिच्या ओढलेल्या ओठाकडं बघितलं आणि हे काय झालं म्हणून विचारलं. अक्काताईनं पदर बाजूला केला, बोटानं ओठ खाली ओढला आणि सगळ्या गावापुढं तोंड उघडून दाखवलं. एकेक करत बायका जवळ आल्या. कुणी शी म्हटलं नाही. म्हातारीनं वाकून नीट बघितलं आणि मग हळूच विचारलं की डॉक्टर कुठं बसतोय, माझ्या बी गालात काय तरी टोचतंय.

नागरिकहो, मिश्रीची घाण वाटत असेल तर वाटू द्या, वाटण्यासारखीच आहे ती. तंबाखूच्या पैशांवर माड्या चढवून बायकांना धुळीत बसवणाऱ्यांचीही घाण वाटू द्या. पण तुमच्या मुरडलेल्या नाकाच्या भीतीनं घरातलं माणूस आपलं दुखणं लपवत असेल, तर त्या रोगाचे तुम्हीही वाटेकरी आहात. गावात पेटी वाजवणारा, सोंग घेणारा, दोन ओळी गाऊ शकणारा कुणी असेल तर त्याला रिकामटेकडा म्हणू नका. डॉक्टरच्या आधी त्याला पाठवा. पोटभर हसलेलं माणूस तोंड उघडतं, आणि उघडलेल्या तोंडातलाच रोग डॉक्टरला दिसतो.